केंट म्हणजे काठ

अप्पा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण तुमच्यावरचा राग काही जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी इंग्रजी तिसरीत होते आणि वर्गाला इंग्रजी तुम्हीच शिकवत होतात. तपासणीला येणारे गोरे साहेब इंग्लंडातल्या केंट परगण्याचे आहेत हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. आई भात वाढते आहे आणि तुम्ही सांगताय, केंट म्हणजे काठ, किनारा. रोमन लोक तिथे उतरले त्याच्याही आधीचं नाव. पुढे समुद्रापलीकडून टोळ्या आल्या, शेजारच्या एसेक्सला त्यांनी आपलं नाव लावलं, पूर्वेकडचे सॅक्सन म्हणून. केंटचं नाव मात्र मूळच्या माणसांचंच राहिलं. "जिंकणाऱ्यांनाही ते पुसता आलं नाही," म्हणताना तुमचा गळा दाटून आला. आई म्हणाली, "आमटी निवतेय."

साहेब आले. मी हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. ते खूश झाले आणि त्यांनी माझ्या बाकावरच्या शेजारणीला मोडक्या मराठीत विचारलं, तुझं गाव कुठलं, त्याच्या नावाचा अर्थ काय? ती नाटे गावच्या मच्छीमाराची मुलगी, शाळेसाठी रत्नागिरीत मामाकडे राहायची, गणितात कायम पहिली. साहेबांनी वही उघडून लेखणी हातात धरली होती. ती उभी राहिली. "माजी आजी सांगते, नाटं म्हंजे..."

"खाली बस," तुम्ही म्हणालात. मग साहेबांकडे वळून, हसत, इंग्रजीत, "मासेमारांची गावं ही, साहेब. त्यांच्या नावांना अर्थ नसतो." साहेबांनी वही मिटली. ते इंग्रजी तिला समजलं, अप्पा. तुम्हीच शिकवलं होतंत.

आठवड्याने तिचा मामा आला. "नाव काडा, गुरुजी. पोर येत नाय म्हनते." तुम्ही कारणसुद्धा विचारलं नाहीत. घरी येऊन आईला म्हणालात, "या लोकांना शिक्षणाची गोडी नसतेच." कुठल्या परक्या बेटावरच्या, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी तुमचा गळा दाटतो, आणि एका दिवसाच्या वाटेवर जिवंत असलेल्या म्हातारीचं एक वाक्य तुम्हाला पुरतं ऐकवत नाही? ऐकायला तो गोरा तयार होता. तोंड बंद केलंत ते तुम्ही. तुम्ही विद्वान होतात, गावाने तुम्हाला मान दिला, मीही दिला, आणि आज मला त्या मानाची लाज वाटते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा राहिलेलंही लिहून टाकते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बंदराच्या रस्त्यापर्यंत आम्ही दोघी बरोबर चालत गेलो. ती रडत नव्हती. आजी काय सांगते, एवढं मी विचारायचं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, अप्पा म्हणतात तर नसेलच काही अर्थ.