ग्रहणात कापलेला फोटो

अहो,

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. शिवाय तोंडावर सांगवेना.

मी सकाळच्या पॅसेंजरने जळगावला जातेय. गाठीला विजेचा शेक देण्याआधीचा तुमच्या छातीचा एक्स-रे फोटो तिथेच काढला होता. त्याची दुसरी प्रत मिळते का, विचारते. नव्या फोटोत पांढरं दिसतंय. तो शेकाचा वण आहे की गाठ पुन्हा धरलीय, हे जुना फोटो शेजारी लावल्याशिवाय कळायचं नाही, असं काल धुळ्याचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले.

भाकरी टोपलीत आहे. बंडीतल्या बिड्या मी नेतेय, शोधू नका.

दिवाळीतल्या ग्रहणाला "आते मी बरा शे", आता कशाला हवा तो, म्हणत तुम्ही तो फोटो कापून गल्लीभर वाटलात. काल संध्याकाळी घरोघर फिरले. काळे तुकडे सगळे मिळाले. डागाचा पांढरा तुकडा मात्र, त्यातून सूर्य बघता येईना म्हणून, तुम्ही माझ्याकडे दिला होता. ग्रहण सुटल्यावर तुमच्या अंघोळीचं पाणी तापवताना मी तो बंबात टाकला.

तो जळताना मी हात जोडले होते हो, पीडा गेली म्हणून.

यशोदा