वळचणीतला कप

शनिवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. उद्या प्रदर्शन उघडणार, आणि आज संयोजक माझ्या चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "सुंदर! फक्त नाव बदला. 'ग्रामीण चहा' कसं वाटतं?"

ग्रामीण चहा! चांदवडकडे आई कांदे काढायला जायची. मालकाच्या घरी तिच्या जातीसाठी वेगळा कप वळचणीत खोचलेला असायचा. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा, परत तिथेच खोचायचा. तोच कप मी रंगवला आणि नाव दिलं, 'आमचा वेगळा कप'. यात बदलण्यासारखं काय आहे?

"लोकांना उगाच टोचेल हो." टोचू दे की! आणि मी काय म्हणालो? "बघतो." का म्हणालो?

आई शेजारीच उभी होती. चित्र निरखून म्हणाली, "लय चांगला काढलास रे. पण आमच्या कपाला कान नव्हता. कान तुटल्याबिगर कप आमच्या वाट्याला येतच नव्हता."

म्हणजे कुणाला टोचू नये इतका गुळगुळीत तो मीच आधी करून ठेवला होता. संयोजकांवर कसला चिडतोय मी!

उद्या हॉल उघडायच्या आधी रंग घेऊन जातो. नाव आहे तेच राहील. कान जाईल.