उंबरा नसलेला अजबखाना

आबा,

मी आपला थोरला मुलगा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा गवंडीकाम, शिक्षण मराठी चौथी पास, राहणार कुंभारी. नाव आपणच ठेवलेत, ते आपल्याला पुन्हा काय कळवावे. खाली लिहितो ते सत्य आहे.

आपण पाहिलेला सोलापुरातला अजबखाना अजून उभा आहे. सपाट सिमेंटचे छत, नक्षीविना भिंती, रुंद दार. त्या काळी लोक त्याला साबणाचे खोके म्हणून हसत. लढाईच्या वर्षांत तिथे रेशनचे धान्य भरले, तेव्हा पोत्यांच्या हातगाड्या दारातून सरळ आत गेल्या. पुढे दवाखाना झाला, रोग्यांच्या खाटाही तशाच गेल्या. मग मुलींची शाळा भरली. आता पुन्हा जुनी मडकी आणि लुगडी मांडली आहेत. छताला एक भेग नाही. ते काम माझे आहे, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

आपण मात्र त्या कामाला हात लावला नाहीत. इंजिनियर साहेबांच्या नकाशात उंबरा नव्हता. "उंबरा न्हाय तर आत कुटं नि भाईर कुटं, कळायचं कसं?" असे म्हणून आपण थापी पिशवीत घातलीत आणि घरी गेलात. मी राहिलो. परंतु दारातली जमीन करण्याच्या दिवशी, साहेब जेवायला गेले असता, मी काळ्या पाषाणाचा उंबरा जमिनीच्या पातळीखाली बसवला, त्याला हळदकुंकू लावले आणि वरून सिमेंट ओढले.

अजबखाना उघडला त्या सकाळी आपण धुवट धोतर नेसून आला आहात. दाराशी चपला काढता आणि तिथेच थांबता. पाट्या वाहणारी मावशी हसते, "मामा, या की आत! मडकी हायत, चावत न्हाईत." आपण तिच्याकडे न पाहता मला विचारता, "दगड घातलायस का? खाली पुरला असला तरी चालंल." साहेब शेजारी उभे आहेत. नव्या पद्धतीचा गवंडी म्हणून त्यांनी नुकतीच पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली आहे. मी म्हणतो, "न्हाय."

आपण चपला पायांत घातल्यात आणि परत फिरलात. पुढे हयातभर त्या रस्त्याने गेला नाहीत. खरे बोललो असतो तर माझे काम गेले नसते. मान थोडा उतरेल, एवढीच भीती होती. तो मला सोडवला नाही.

हे पत्र टपालात पडायचे नाही. त्या वेळी हजर: साहेब, ज्यांना मराठी बोललेले एक अक्षरही कळत नव्हते, आणि ती मावशी, जिने तो दगड माझ्याबरोबर उचलला होता.