चौथ्या होलची टेकडी

१४ जानेवारी
विदिगालला आज तोंडावर नाही म्हटलं. मालक असेल गोल्फ मैदानाचा, पण आखलंय मी. माझं पहिलंच. म्हणे, 'चौथ्या होलची वाळूची टेकडी सपाट करा बाई, तिथे तळं घाला, फोटो झकास येतात.' फोटो! टेकडीला लागून चेंडू वाकडा उडतो, मग गिऱ्हाईक चिडतं म्हणे. चिडू दे की. समुद्राचा वारा रोज चेंडू वाकडा नेणारच आहे, त्याला काय हा आवरणार?

बाबांना वाइनचे व्यापारी हेच सांगत आले. नव्या ओकच्या पिंपात ठेवा, जरा गोडावेल, लवकर खपेल. आमच्या कोलारिश गावच्या द्राक्षवेली वाळूत पसरून वाढतात, वाइन कोवळी असताना जीभ ओरबाडते. बाबांनी तिला कधी लाडावलं नाही. जुन्या पिंपात भरायची आणि गप्प बसायचं. मीही तेच केलं – जमीन आहे तशी ठेवली, फक्त गवत कापायला सांगितलं.

१५ जानेवारी
अजून डोकं तडतडतंय. तळं म्हणे!

१७ जानेवारी
टेकडी बाबांच्या मालकीची. ती भाड्याने द्यायला ते तयार झाले ते माझ्यासाठी, तिला धक्का लावायचा नाही या अटीवर. आज विदिगालने करारातली ती अटच खोडली. 'शुक्रवारी वडिलांची सही आणा, नाहीतर काम दुसऱ्याला.'

बाबा कोबीचं सूप ढवळत होते. म्हणाले, 'करतो सही. वाळूच आहे ती. तुझं पहिलं मैदान आहे, पोरी.'

रडूच आलं, आणि रागही. जन्मभर व्यापाऱ्यांना दारातून हाकलणारा माणूस माझ्यापायी वाकणार? म्हटलं, 'खबरदार सही केलीत तर.'

'कोणावर गेलीये कोण जाणे,' ते सुपाकडे बघत म्हणाले.

१९ जानेवारी, शुक्रवार
आम्ही दोघंही सहीला गेलो नाही. काम गेलं, टेकडी बाबांकडेच राहिली.

सकाळी त्याच टेकडीत वेलीसाठी चर खणायला घेतला. मुळं खालच्या चिकणमातीत रोवायची असतात, ती लागेपर्यंत उतरावं लागतं. वाळू अंगावर ढासळली तर श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर टोपली घालायची. आजवर बाबाच उतरायचे. आज टोपली मी घातली. ते वर, दोर धरून.

'हिची वाइन पिण्याजोगी व्हायला पंधरा-वीस वर्षं जातील,' ते वरून म्हणाले. ब्याऐंशीचे आहेत. 'मला घाई नाही. तुला आहे का?'