भरतीला आलेली समिती

बाबा, तुझ्या लाडक्या सरकारने शेवटी आमचं ऐकलं बरं का. कारखान्यांच्या सांडपाण्यावर कायदा येतोय. विधेयक समितीकडे गेलं आणि समिती आमचं म्हणणं ऐकायला पालघरला आली. सगळ्या आमदारांना कलम न् कलम वाचायला कुठला वेळ, म्हणून थोडे जण बसून तपासतात आणि बाकीचे त्यावर हात वर करतात. हे तूच मला सांगितलेलंस, पडवीत जाळं शिवताना. "आमी नीट सांगितलं तर ते आयकतात गो. त्यांचं कामच ते हाय." इस्त्रीचा सदरा घालून तू मुंबईला निवेदन द्यायला गेलास आणि साहेबांनी चहा पाजला म्हणून आठवडाभर फुशारलास. एका कपात विकला गेलास, बाबा. मला तेव्हाही राग आलेला.

मी एकच मागितलं, खाडीत पाणी सोडायला बंदी घाला. आता तिथे चिखलातले निवटी मासेसुद्धा मिळत नाहीत, पोरं बोईसरला कंपनीत हेल्पर म्हणून लागतात, त्याच कंपन्यांत. तर अध्यक्ष म्हणाले, मासेमारी दुसऱ्या समितीचा विषय, कारखाने तिसऱ्या समितीचा, आम्ही फक्त विधेयकाची कलमं तपासतो. तू किनाऱ्यावर म्हावऱ्याचे वाटे घालायचास तेव्हा नवरा बुडालेल्या बाईचाही वाटा आठवणीने काढायचास. या शहाण्यांनी कामाचे वाटे घातले आणि खाडी कुणाच्याच वाट्याला ठेवली नाही.

मग म्हणे, जागेवर जाऊन पाहू. मी जीव तोडून सांगितलं, ओहोटीला या, काळा गाळ तेव्हाच उघडा पडतो. पण ओहोटी पडते दुपारी, आणि दुपारी साहेबांचं जेवण, त्यात पापलेट. आले सकाळी, ऐन भरतीला. खाडी तुडुंब. एक जण गॉगल काढून म्हणाला, "पाणी तर छान आहे की." सोबतच्या साहेबाने मान डोलावली. मी बोलले, "भरतीला सगळंच छान दिसतं, साहेब. सहा तास थांबा." कोणी थांबलं नाही. गाड्या वळल्यासुद्धा.

अहवालात खाडी नाही. थू त्यांच्या अहवालावर, आणि तुझ्या त्या चहावरही.

हे तुला वाचून दाखवायला, तुझी राख सोडली तिथे, समुद्रावर जाणार होते, पण नाही जात. त्या दुसऱ्या समितीची बैठक लागली आहे, मुंबईत, आणि काल मी साडीला इस्त्री केली. तुला कळलं तर हसशील.