न चाखलेली पानं

अण्णा, दोन पानं खुडून झाली होती. तिसऱ्याच्या देठातून पांढरा चीक बोटांवर आला आणि मी तशीच आत येऊन लिहायला बसले. हात धुतले नाहीत. कागदाला डाग पडलाय. इथे इंदूरला बाल्कनीतल्या कुंडीत मी लेट्यूस लावलंय, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा बरंच राहिलंय. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

मिल बंद पडली ते वर्ष. उज्जैनच्या फ्रीगंजमधलं आपलं घर, मागचं अंगण. इतकी वर्षं तुम्ही मिलमध्ये कापड तपासलंत. ताणलेलं कापड उजेडासमोर धरायचं, गाठ दिसली की खडूची खूण करायची. आता तपासायला काही नव्हतं, तरी सकाळी साडेसहाला इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही अंगणात फेऱ्या मारायचात. आई म्हणायची, "अहो, बसा जरा. फरशी झिजेल." तुम्ही म्हणायचात, "खाली बसवत नाही." मलाही बसवत नव्हतं. बी.कॉम. झालं होतं आणि मी रोज पोस्टमनची वाट बघत होते.

टावर चौकाजवळ नवीन हॉटेल उभं राहत होतं. तुम्ही कामाची चौकशी करायला गेलात आणि बियांचं पाकीट घेऊन आलात. तिथला दिल्लीहून आलेला शेफ म्हणाला होता, उज्जैनमध्ये सलाद पत्ता, म्हणजे हेच लेट्यूस, मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल. तुम्ही पिकवा, मी रोज घेईन. दिवाळीनंतर तुम्ही वाफा केलात. सुतळी ताणून ओळी आखल्यात. रोपं वर आली ती सुट्या पानांची, झालरीसारखी, इतकी कोवळी हिरवी की आईने पहिल्यांदा पाहून विचारलं, "हे कच्चंच खायचं? मग गॅस कशाला आणलाय घरात?" शेजारच्या भाभी भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "भाईसाब, बकरी कब ला रहे हो?" तुम्ही हसलात. मिल बंद झाल्यावर पहिल्यांदाच.

या जातीला गड्डा धरत नाही. बाहेरची पानं खुडत राहायची, आतली येत राहतात. खुडलं नाही आणि ऊन वाढलं की मधला दांडा वर निघतो आणि पानं कडू होतात. पाकिटाच्या मागे इंग्रजीत लिहिलं होतं. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, "पहिलं पान गिऱ्हाइकाचं. आई नैवेद्याचं चाखून बघते का?"

"हॉटेल म्हणजे काय देव आहे, अण्णा?"

"मालाला आपण तोंड लावायचं नाही. बस."

हॉटेल संक्रांतीला उघडणार होतं. मग वसंत पंचमीला, मग होळीनंतर. तुम्ही वाट बघत राहिलात. तुमच्या धाकाने आम्हीही वाफ्याला हात लावला नाही.

मध्येच उठले होते. पाणी प्यायले, परत आले. लिहिते.

होळीच्या सुमाराला इंदूरहून पत्र आलं. नवी कंपनी, कॉम्प्युटरवर काम, सोमवारी रुजू व्हायचं. तुम्ही पत्र उजेडासमोर धरून वाचलंत, कापड बघायचात तसं. म्हणालात, "हॉटेलची ऑर्डर लागली तर इंदूर कशाला? दोघं मिळून करू. लिखापढी तू बघ, वाफे मी बघतो. मागची जागाही मागून घेऊ."

"आणि नाही लागली तर?"

"तर जा."

आईला मी घरात हवी होते. तुम्हालाही. आणि मला त्या घरातून निघायचं होतं, अण्णा, इतकं की जेवताना पायाचा अंगठा हलत राहायचा.

ऊन चढलं होतं. वाफ्यात मधले दांडे वीतभर वर आले होते. "वाढ बघ," तुम्ही म्हणालात. त्या दुपारी तुम्ही झोपला होता. मी एक पान तोडलं, देठातून असाच चीक आला. चावलं. कडूजहर. थुंकले आणि चूळ भरली. हॉटेल अखेर रविवारी उघडणार होतं आणि रविवारला अजून पाच दिवस होते. पाच दिवसांत सांगता आलं असतं. निदान शेफला आधी नमुना दाखवता आला असता, पुढच्या थंडीचं बोलून घेता आलं असतं.

रविवारी तुम्ही पहाटे सगळं कापलंत. मिलच्या मांजरपाटाचा तुकडा ओला करून त्यात पानं गुंडाळलीत, टोपली सायकलला बांधलीत. मी सोबत चालते आहे. हॉटेलच्या मागच्या दाराशी शेफ एक पान उचलतो, तोंडात टाकतो, चावायचा थांबतो.

"बाबूजी, ये तो कड़वा है. आपने चखा नहीं?"

"ग्राहक से पहले हम नहीं चखते."

तो माझ्याकडे बघतो. "बिटिया ने भी नहीं?"

"हमारे घर में कोई नहीं चखता," तुम्ही म्हणता. मान ताठ.

मग तुम्ही टोपलीतलं एक पान घेतलंत आणि तिथे उभ्या उभ्या सगळं खाल्लंत, देठासकट. चेहरा हलला नाही. शेफने पाणी दिलं ते घेतलं नाहीत.

येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता, मी मागे. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, असं मी पुढे आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, मुलीलाही. ते खोटं नाही. पण टावर चौकात, गाड्यांच्या गलक्यात, तुम्ही मागे न बघता म्हणालात, "बॅग भरून ठेव," आणि मला आनंद झाला. फक्त आनंद. वाईट वाटायला घर यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बसवर सोडायला आलात. गर्दीत पुढे घुसून, खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरलीत. बस निघाली तेव्हा रुमाल सीटवरच होता, आणि तुम्ही खाली उभे राहून शर्टाच्या बाहीने घाम पुसत होता.