उलटा ठेवलेला हरभरा

२ ऑक्टोबर, बुधवार

मंजुषाला डॉक्टर बाईंकडे दाखवून आलो. बाळ उलटं आहे. डोकं वर, पाय खाली — पाटावर बसल्यासारखं.

बाई म्हणाल्या, "अजून वेळ आहे. आपलं आपण फिरू शकतं. नाही फिरलं तर ऑपरेशन करू. घाबरायचं नाही." आणि उठताना पुन्हा — "पोट मात्र कुणाकडून चोळून घ्यायचं नाही. अजिबात नाही."

परत येताना जीपमध्ये मंजू पोटावर हात धरून बसली होती. पहिलटकरीण. माझी एकुलती एक लेक. शेलूबाजार येईपर्यंत मी बाहेर पाहत होतो. दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढणीला आलेलं — दिसलं काहीच नाही.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात घाबरणं कायचं? भागिरथाले बलाव. तेल लावून दोन दिवसांत सिधं करून देते." भागिरथाबाई म्हणजे आमच्या गल्लीतली सुईण. मलाही तिनंच या जगात आणलं. "पन मायबाई, टाके नोको," माय म्हणाली. "टाके पडलेली बाई निंदायले वाकत नाही."

मंजू आतून ऐकत होती.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसवले. परडीत काळी माती, वर गहू आणि ज्वारी. माय मूठभर दाणे नुसते भिरकावते, वरून माती सारते, पाणी शिंपडते. झालं.

आज पहिल्यांदा मनात आलं — यातला प्रत्येक दाणा वेगळ्याच तोंडानं पडला असेल. कुणी उताणा, कुणी पालथा, कुणी कुशीवर. आणि तरी दरवर्षी सगळे वरच उगवतात! एखादा चुकून खाली उगवला असं कधी पाहिलं नाही. पन्नाशी आली. कधी विचारलंही नाही.

माहूरगडच्या मायला, देवीला, एकच मागितलं. फिरव.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रज्वलची संस्कृती शाळा सुटली की माझ्या पिठाच्या गिरणीवर येऊन बसते. चौथीत आहे. प्रज्वल माझा धाकटा भाऊ. तो आणि त्याची बायको शेतावर, म्हणून ही माझ्याकडे. गिरणी चालू असली की ती ओरडून वाचते, मी ओरडून "हं" म्हणतो.

आज वाचत होती — सजीव वाढतात, सजीव श्वास घेतात, सजीवांना आपल्याआपण हालचाल करता येते. मग थांबली. "मोठेबाबा, गहू सजीव का निर्जीव?"

मी म्हटलं, निर्जीव. पोतं जिथं ठेवलं तिथंच राहतं.

"मंग तो घटात कसा उगवते? मेलेला जिता झाला का?"

पट्टा फिरत होता, वरून दाणे पडत होते.  तिनंच पुढचं पान काढलं — बी झोपलेलं असतं. पाणी मिळालं की जागं होतं.

तीस वर्षं दळतो आहे मी. म्हणजे इतकी वर्षं झोपलेल्यांना —! माझा हात दाण्यांच्या टोपल्यावर होता तो मी उगाच काढून घेतला. मग हसलो. अन्न पूर्णब्रह्म म्हणतात ते जेवताना कितीदा म्हटलं. दळताना कधी नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

पुस्तकातला प्रयोग लावला. काचेचा ग्लास, आत ओला कापूस, कापूस आणि काच यांच्यामध्ये रद्दीचा कागद. कागदाला चिकटवून भिजवलेले हरभरे. बेसनासाठी आलेल्या पोत्यातले घेतले, मालकाला विचारून.

हरभऱ्याला नाक असतं. मोड तिथूनच येतो. संस्कृती म्हणाली, "काही नाकं खाली करू, काही वर, काही आडवे." मी एक नाक वर करून ठेवला. ठेवताना हात थांबला. डोकं वर, पाय खाली. 

जमशेदभाई दळण घेऊन आले. त्यांच्याच जीपनं आम्ही बुधवारी गेलो होतो. ग्लास पाहून म्हणाले, "बबनभाऊ, गिरणी बंद करून नर्सरी खोलून राह्यले का?" मंजूचं त्यांना ठाऊक आहे. जाताना हळू आवाजात म्हणाले, "आमची पोरगी दुआ बी पोटात उलटीच होती. आता साऱ्या घराले उलटं टांगते. फिकर नका करू."

७ ऑक्टोबर, सोमवार

मोड आले.

खाली नाक असलेले सरळ खाली. आडवे थोडे पुढे जाऊन खाली. आणि मी उलटा ठेवला होता तो — त्याचं मूळ आधी वर निघालं, आणि मग कोपरासारखं वळलं. खाली! अंधारात आईचा पदर शोधावा तसं. त्याला डोळे नाहीत. त्याला कुणी सांगितलं, खाली कुठं आहे?

संस्कृतीनं पुस्तकातून सांगितलं — गुरुत्वाकर्षण. पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढते. मुळाला ते समजतं.

हा शब्द मलाही शाळेत पाठ होता. पेपरात लिहिला, मार्क घेतले. पडणं मात्र कधी पाहिलं नव्हतं. गिरणीत वरच्या टोपल्यातून दाणा जात्यात पडतो — त्याला कोण पाडतं? वीज फक्त जातं फिरवते. दाणा खाली आणते ती पृथ्वी. आणि तिचं बिल कधी आलं नाही.

ग्लास घरी नेऊन मंजूला दाखवला. बोटानं तो वळलेला मोड दाखवला. तिनं ग्लास हातात घेतला. मग पोटाकडे पाहून म्हणाली, "बाबा, याचंही असंच होईन का?"

मी म्हटलं, होईल. म्हणायला नको होतं, पण म्हटलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

मंजू भिंतीला टेकून बसली होती. माझी बायको ललिता तांदूळ निवडत होती. संस्कृतीनं देवीपुढचं एक लिंबू आणलं आणि मंजूच्या पोटावर ठेवलं. "हलायचं नाही हं ताई!" मंजू हलली नाही. श्वाससुद्धा रोखला. सगळं शांत — आणि लिंबू उडालं! जमिनीवर पडून घरंगळत माझ्या पायाशी आलं.

"ढकललं की वस्तू हलते, त्याले बल म्हनतात," संस्कृती ओरडली. "मोठेबाबा, सांगा, बल कोनं लावलं?"

ललिता म्हणाली, "ज्यानं लावलं त्यालेच विचार, भाचा का भाची ते बी सांग म्हना!" सगळ्या हसल्या. मंजू किती दिवसांनी हसली.

मी लिंबू उचललं. दारातच उभा होतो, बापानं आत काय जायचं अशा वेळी. एवढंसं लिंबू. ज्यानं ते ढकललं त्यानं अजून श्वास घेतलेला नाही, ऊन पाहिलं नाही, त्याला नावही नाही. आणि त्याचा धक्का माझ्या पायापर्यंत आला.

लिंबू परत देवीपुढं ठेवलं. कापू नका म्हणून सांगितलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

नाही फिरलं. डॉक्टर बाईंनी पुन्हा पाहिलं, तसंच आहे.

माय आता ऐकत नाही. आणि मंजूही तिकडे झुकली. "बाबा, येऊ द्या न भागिरथाआजीले. मले ऑपरेशनचं लय भेव वाटते." जावई गणेशरावांना धनजला, मंजूच्या सासरी, फोन केला. ते म्हणाले, "मामा, तुमी जवळ आहा. तुमाले बरं वाटते ते करा." म्हणजे माझ्यावरच आलं.

भागिरथाबाई दुपारी डोकावून गेली. "काहून बे बबन्या, माह्या हातावर भरोसा नाही राह्यला का तुहा? तू स्वतः आडवा पडला होता मायच्या पोटात, रेड्यासारखा. म्याच वळवलं तुले." हे मला ठाऊक नव्हतं! मायकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

म्हणजे मी जो इथे बसून लिहितो आहे तो त्या हातांमुळे. आता नाही कसं म्हणू? उद्या ये म्हटलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ग्लास पाहत होतो. एका हरभऱ्याचं मूळ कागदाच्या घडीत अडकलं होतं. बाकीचे खाली पोचलेले, हा एकटा आडवाच. वाईट वाटलं. म्हटलं, जरा मदत करू. नखानं अलगद खाली दाबलं.

तुटलं.

आवाजही झाला नाही, नखाला फक्त कळलं. पांढरं टोक कागदाला चिकटून राहिलं.

संस्कृती दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. "मोठेबाबा! काहून हात लावला? तो करून राह्यला होता न त्याचं!" डोळ्यांत पाणी आलं तिच्या.  माझ्या बोटात वाईट काहीच नव्हतं. माया होती. आणि मायेनंच तुटलं.

हात धुतला आणि मंजूकडे गेलो. तुटलेला हरभरा तळहातावर होता. म्हटलं, मंजू, मला डॉक्टरीतलं कळत नाही आणि भागिरथाबाईच्या हातांवर बोलायची माझी लायकी नाही. पण डॉक्टर बाईंनी हात लावू नका म्हटलं होतं, आणि मी काल तुझ्यासाठी नाही, माझ्या भीतीपायी हो म्हटलं. हे आज माझ्या हातून झालं. तू पाहा आणि तूच ठरव.

तिनं हरभरा घेतला. दुसरा हात पोटावर.  ललिता दारात येऊन उभी राहिली.

"राहू द्या बाबा," मंजू म्हणाली. "त्याच्या मनानं फिरू द्या."

भागिरथाबाई तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा मीच पायरीवर गेलो. नाही म्हणून सांगितलं. ती गिरणीच्या जात्यासारखी घरघरली! "शिकले बाप्पा सारे! उद्या पोट्टं अडलं त मंग ये पळत." वाटी घेऊन गेली. माय माझ्याशी बोलत नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

माय अजून बोलत नाही. घटाला माळ मात्र माझ्याच हातून घालून घेतली.

घटातलं धान वीतभर झालंय. पिवळं, कोवळं — आणि सगळंच्या सगळं समईकडे झुकलेलं! दरवर्षी असंच असणार. मी फक्त नमस्कार करून उठायचो. संस्कृती म्हणाली, झाडं उजेडाकडे वळतात, पुस्तकात आहे. असेल. मला वाटलं, आपण सगळे हात जोडून बसलो आहोत आणि तेही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. टोपीत धान खोवून सोनं वाटून आलो. भागिरथाबाईच्याही घरी गेलो, पाया पडलो. तोंड फिरवलं तिनं, पण आपट्याचं पान घेतलं.

तुटलेला हरभरा मी टाकला नव्हता. परत ग्लासातच ठेवला होता. आज पाहतो तर तुटल्या जागेच्या वर, बाजूनं, केसाएवढी दोन मुळं! खाली निघालेली. कुणी माफ केल्यासारखं वाटलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

नाही फिरलं.

गिरणीत लक्ष नाही. दळण जाड आलं म्हणून दोघी बाया बोलून गेल्या. मायचं शेवटी तोंड उघडलं — "काही झालं त तुह्या हरभऱ्यालेच विचारजो."

रोज तेच मागतो. फिरव, फिरव, फिरव. ग्लासातले सगळे खाली पोचले. हे एवढं का नाही?

१६ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे कळा सुरू झाल्या. जमशेदभाईंनी जीप अशी चालवली की खड्डा लागू दिला नाही. सारा रस्ता ते कलमा पुटपुटत होते, मी माहूरगडच्या मायचं नाव. मंजू ललिताच्या मांडीवर. मायनं घरून निघताना देवीपुढचं ते लिंबू मंजूच्या ओच्यात बांधलं.

फिरलंच नव्हतं. लगेच ऑपरेशनला आत नेलं. मी बाकावर. दार बंद. वर पंखा होता, तो पाहत बसलो. कोण ढकलतं, कोण ओढतं — काही सुचेना.

मग रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग असं की सगळा व्हरांडा हलला! श्वास. पहिला श्वास. चौथीच्या पुस्तकात एका ओळीत आहे ते.

मुलगी. दोघी सुखरूप. आज कोजागिरी.

मायला फोनवर सांगितलं. ती रडली, आणि मग म्हणाली, "टाके नीट घातले का विचार."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टर बाई राऊंडला आल्या. मी विचारलं, बाई, ही का नाही फिरली? त्या म्हणाल्या, "नाळ आखूड होती. आणि गळ्याभोवती वेढा. फिरली असती तर ताण बसून गळफास झाला असता. कुणी बळजबरीनं वळवली असती तर आज आपण असं बोलत नसतो. ती बसून राहिली म्हणून वाचली."

ती फिरायची राहिली नव्हती. ती बसून होती.

संध्याकाळी दवाखान्याच्या दाराशी देवीचा फोटो आहे, तिथं दिवा लावला. हात जोडले. आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही.